पाण्यापेक्षा केबलला जपा: नाशिकच्या उन्हाळ्यासाठी वॉटर-कूल्ड मशीन बांधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरला घरूनच आर्किटेक्ट लोकांसाठी थ्रीडी रेंडरिंग करता. मशीनमध्ये रायझेन ९ ७९५०एक्स आणि आरटीएक्स ४०९० आहे. एप्रिल-मेमध्ये पंख्यांचा इतका आवाज होतो की त्याच खोलीत क्लायंटशी फोनवर बोलता येत नाही. म्हणून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींना मिळून कस्टम वॉटर लूप, म्हणजे पंपाने पाणी फिरवून दोन्हींना थंड ठेवणारी सुट्या भागांची जोडणी, करायचा आहे, आणि सोबत सगळ्या पॉवर केबल स्वतःच्या हाताने बनवायच्या आहेत. पाणी गळलं तर काय, नाशिकच्या उन्हात याचा उपयोग किती, आणि हे स्वतःला जमेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या तयार जुड्यांच्या कामात अकरा वर्षं काढली, आणि त्यानंतर अशी मशीन बांधून देतो. तुमच्या पत्रात गळतीबद्दल अर्धं पान आहे आणि केबलबद्दल एकच ओळ. माझा अनुभव नेमका उलटा आहे. पाण्याने मेलेलं मशीन माझ्या टेबलावर आजवर आलेलं नाही. चुकीच्या केबलने मेलेली चार आली, आणि त्यातलं एक माझ्याच हातून मेलं. म्हणून आधी केबलबद्दल बोलतो.

ते मशीन लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांचं होतं. जुना पॉवर सप्लाय बिघडला म्हणून मी त्याच कंपनीचा नवा, जास्त वॉटचा बसवला. हार्ड डिस्कसाठी मीच बनवलेली साटा केबल छान बसवलेली होती, ती तशीच ठेवली. कंपनी तीच, सॉकेटचा आकार तोच, केबल खटकन बसली. बटण दाबलं आणि सेकंदभरात तो ओळखीचा वास आला. नव्या मॉडेलमध्ये त्या सॉकेटमधल्या ५ व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या जागा बदललेल्या होत्या. दोन डिस्क गेल्या. एकीच्या सर्किटवरच्या संरक्षक डायोडने जीव दिल्यामुळे तिच्यातला डेटा परत काढता आला. दुसरीतल्या एका सीझनच्या लग्नांचे फोटो गेले ते गेलेच. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघणं मला जड गेलं, आणि त्या दिवसापासून मी मल्टिमीटर लावल्याशिवाय एकही केबल जोडलेली नाही.

यात समजून घ्यायची गोष्ट एवढीच: मदरबोर्डच्या बाजूचं २४ पिनांचं कनेक्टर प्रमाणित आहे, कुठल्याही बोर्डवर कुठल्या पिनेला काय येणार हे ठरलेलं आहे. पॉवर सप्लायच्या बाजूला मात्र असं काहीही ठरलेलं नाही. प्रत्येक कंपनी वेगळं करते, आणि एकाच कंपनीची दोन मॉडेलंही वेगळी असू शकतात. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेल्या आकृतीवर विसंबू नका. तुमच्या पॉवर सप्लायसोबत आलेली मूळ केबल हीच तुमची आकृती. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एका टोकाची पिन क्रमांक १ धरा, दुसऱ्या टोकाच्या सगळ्या पिनांना एकेक करून टोचत जा, आणि जिथे जिथे बीप होईल ते वहीत लिहा. पहिल्या बीपवर थांबू नका, कारण काही ठिकाणी दोन तारा एकाच टर्मिनलमध्ये, म्हणजे कनेक्टरच्या आतल्या धातूच्या पिनेत, येतात. त्यातली एक व्होल्टेज मोजून परत सांगणारी सेन्स तार असते. ती सोडलीत तर पॉवर सप्लाय एक तर चालूच होणार नाही किंवा व्होल्टेज चुकीचं धरेल. पिन क्रमांक २० रिकामी दिसली तर गोंधळू नका, ती हल्ली रिकामीच असते.

आणि आरशाची चूक. हिला मी मुद्दाम नाव दिलंय, कारण नवीन माणूस हटकून इथेच अडकतो. कनेक्टरकडे तोंडाच्या बाजूने पाहिलं तर पिन १ एका कोपऱ्यात दिसते आणि तारांच्या बाजूने पाहिलं तर दुसऱ्या. आकृती काढताना तोंडाकडून बघितलं आणि पिना भरताना तारांकडून, तर संपूर्ण केबल उलटी भरली जाते, आणि दिसायला ती अगदी सुबक असते. माझ्या वहीत प्रत्येक आकृतीवर 'तारांकडून, कुलूप वर' असं लिहिलेलं असतं; कुलूप म्हणजे कनेक्टर अडकवणारी क्लिप. तुम्ही हवी ती बाजू ठरवा, पण एकच ठरवा.

आता मोजदाद. २४ पिनांच्या केबलमध्ये २३ तारा, प्रोसेसरच्या दोन ८-पिनांमध्ये १६, म्हणजे ३९ तारा आणि किमान ७८ क्रिंप (तारेच्या टोकावर टर्मिनल दाबून बसवणं म्हणजे क्रिंप). सेन्सच्या जोड तारा वेगळ्या. प्रत्येक तार ६० सेंटिमीटर धरली तर साडेतेवीस मीटर होतात. तीस मीटर घ्या, पहिल्या दिवशी बरीच वाया जाते. तार १८ गेजची, म्हणजे आपल्या भाषेत साधारण पाऊण चौरस मिलिमीटरच्या थोडी वर. घरच्या वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची तार वापरू नका. तांबं पुरेसं असतं, पण इन्सुलेशन जाड असतं, आणि कनेक्टरमध्ये दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर फक्त ४.२ मिलिमीटर आहे. वर स्लीव्ह, म्हणजे विणलेलं आवरण, चढवली की शेजारी शेजारी बसतच नाही. गाड्यांच्या हार्नेसमध्ये वापरतात ती पातळ इन्सुलेशनची तार छान बसते. घेताना टोक सोलून एक तंतू नखाने खरवडा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ते दुकानातच ठेवा.

क्रिंप शब्दांत सांगणं अवघड, तरी सांगतो. तार ३ ते ४ मिलिमीटर सोला, एकही तंतू तुटता कामा नये. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याला मिठी मारते, मागची इन्सुलेशनला. सोललेल्या भागाची कड या दोन जोड्यांच्या बरोब्बर मध्ये दिसली पाहिजे. तांब्याच्या पंखांत इन्सुलेशन सापडलं तर पकड खोटी, आणि इन्सुलेशनच्या पंखांत नुसतं तांबं आलं तर वाकवताना ते तिथेच तुटणार. पुढून तंतूंचा बारीकसा झुपका अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावला पाहिजे. क्रिंप दाबायचं हत्यार रॅचेटचं, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारं, आणि त्या टर्मिनलच्या मापाचंच घ्या. साध्या पक्कडीने दाबलेलं टर्मिनल वरून बरं दिसतं आणि आत पोकळ राहतं. कारखान्यात आम्ही रोज काही क्रिंप आडवे कापून घासून भिंगाखाली बघायचो. चांगल्या क्रिंपमध्ये तंतू मधमाशीच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटून बसतात, मधे फट दिसत नाही. तुमच्याकडे भिंग नसलं तरी ओढून बघू शकता: पहिले दहा क्रिंप बनवा आणि जोर लावून ओढा. एकही सुटला तर अजून हात बसलेला नाही. त्या दहातला एकही केबलमध्ये वापरायचा नाही.

क्रिंपवर वरून सोल्डर लावायचा मोह होईल. लावू नका. सोल्डर तारेत वर चढतं, तिथली तार कडक होते आणि नेमकी त्या कडेला वाकून तुटते.

क्रिंपच्या पकडीबद्दल मी एवढा आग्रही का, ते आकड्यांत बघा. एका पिनेतून ८ अँपिअर जातात आणि सांध्याचा रोध १० मिलिओहम आहे, तर तिथे ०.६४ वॉट उष्णता होते, चालून जातं. तोच रोध ढिल्या क्रिंपमुळे ५० मिलिओहम झाला की ३.२ वॉट, तेही तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेत. प्लास्टिक वितळायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. यासाठीच ४०९० ची १६ पिनांची केबल मी हाताने बनवत नाही, आणि तुम्हीही बनवू नका. त्या कार्डाचे ४५० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर साडेसदतीस अँपिअर, १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी सव्वासहा. पिना लहान, त्यांच्यातलं अंतर फक्त ३ मिलिमीटर, आणि सहांपैकी दोन नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चार सगळा भार ओढतात. पॉवर सप्लायच्या कंपनीची मूळ केबल घ्या, पूर्ण आत बसली की नाही टॉर्च लावून बघा, आणि कनेक्टरपासून ३५ मिलिमीटर तरी सरळ ठेवून मगच वळवा.

स्लीव्हबद्दल थोडक्यात: पॅराकॉर्डची मऊ स्लीव्ह आतले दोरे काढून चढवा, टोक लायटरने किंचित वितळवून टर्मिनलच्या मागे दाबा. रंग तुमच्या आवडीचा. केबल पूर्ण झाली की पुन्हा बीप, पिन दर पिन, शेजारच्या पिनेशी शॉर्ट नाही ना हेही. मग ती फक्त पॉवर सप्लायला लावा, मदरबोर्डला नाही. २४ पिनांच्या टोकाच्या पिन १६ आणि १७ तारेने जोडून सप्लाय चालू करा आणि व्होल्टेज मोजा. १२ ची ओळ ११.४० ते १२.६० मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये, ३.३ ची ३.१४ ते ३.४७ मध्ये. आकडे आणि जागा दोन्ही वहीशी जुळले, तरच बोर्ड.

आता पाणी. पहिल्यांदा अपेक्षा नीट ठेवा. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. रेडिएटर फक्त खोलीच्या हवेत उष्णता सोडतो. मेमध्ये तुमची खोली ३६ अंशांवर असेल तर लूपचं पाणी ४६ ते ४८ पर्यंत जाणार, हे गृहीत धरा. याचा एक फायदाही आहे. पावसाळ्यात घरात कितीही दमटपणा असला तरी पाइपांवर दव साचत नाही, कारण पाइप हवेपेक्षा गरमच असतात. आणि ७९५०एक्स सगळ्या कोअरवर रेंडर करताना पाण्याखालीही ९५ अंशांकडे झेपावेल. तो तसाच बनवलेला आहे, ९५ पर्यंत जाऊन तिथे वेग सांभाळतो. ते बघून लूप चुकला असं समजू नका. त्याची २३० वॉटची मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, थोडी खाली आणलीत तर रेंडरचा वेळ फारसा वाढत नाही आणि खोली बरीच सुसह्य राहते. खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला आणि तुमच्या कानांना होईल.

दोन ३६० मिलिमीटरचे रेडिएटर, सहा पंखे. एकाच ३६० वर ६०० वॉटच्या घरातली उष्णता काढायची तर पंखे पुन्हा पूर्ण वेगाने लावावे लागतील, मग केलं कशाला? ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारे आतून पाणी वाहणारे धातूचे ठोकळे, कुठल्या क्रमाने लावायचे यावर लोक वाद घालतात, त्यात दम नाही. मिनिटाला दोन लिटर प्रवाह असेल तर ५५० वॉट पाण्याचं तापमान पूर्ण फेरीत चारच अंशांनी वाढवतात. पाइप जिथून सोपा जाईल तिथून न्या. नियम एकच: टाकी पंपाच्या वर, म्हणजे पंप कधी कोरडा चालणार नाही. डी५ सारख्या पंपाचं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा फिरवला की खराब झालाच. कार्डाचा ब्लॉक घेताना '४०९० चा' एवढं पुरत नाही, तुमच्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलच्या सर्किट बोर्डाचा हवा.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर लावू नका, तो क्षणात वीस अंश उडी मारतो आणि पंखे सतत वर-खाली करतात. लूपमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बसवा आणि पंखे त्यावर चालवा. हा सेन्सर स्वस्त असतो आणि दुसरं मोठं कामही करतो. तुमच्या लूपमध्ये पाणी लिटरभरच असतं. पंख्यांचा हब बंद पडला आणि रेंडर चालूच राहिला, तर ते पाणी मिनिटाला सहा-सात अंशांनी चढतं. डी५ पंपाची मर्यादा ६० अंश आहे. उन्हाळ्यात ४८ वरून तिथे पोहोचायला दोन मिनिटं लागतात. ५२ ला सूचना आणि ५७ ला मशीन आपोआप बंद, असं लावून ठेवा.

पाइप कडक घ्यायचा की मऊ? तुम्ही फोटोत दाखवलाय तो पारदर्शक कडक पाइप सुंदर दिसतो, मलाही आवडतो. पण हे मशीन तुमची रोजीरोटी आहे आणि हा तुमचा पहिला लूप आहे. माझं स्पष्ट मत: काळा मऊ ईपीडीएम रबरचा पाइप घ्या. तो सरळ कापला, फिटिंगच्या काट्यावर पूर्ण बसवला, कॉलर घट्ट केली की झालं. रॅम बदलायला अख्खा लूप उघडावा लागत नाही. कडकच करायचा ठरवलात तर पीईटीजी सोडून ॲक्रिलिक घ्या, ते उष्णता जास्त सोसतं. आणि कापलेली कड आतून-बाहेरून घासून गोल करा. हे मी पुन्हा सांगतो, कारण मी पाहिलेली एकमेव खरी गळती इथूनच झाली होती. कडेला न दिसणारी धार राहिली होती, पाइप आत ढकलताना तिने ओ-रिंगला, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याला, केसाएवढी चीर दिली. दोन तास काही नाही, मग कार्डाच्या पाठीवर एक थेंब. मशीनला वीज दिलेली नव्हती म्हणून काहीच बिघडलं नाही. कागदाने टिपलं, पंख्यासमोर रात्रभर वाळवलं, नवी ओ-रिंग घातली.

म्हणून चाचणी दोन टप्प्यांत. आधी हवा: लूप पूर्ण जोडून, पाणी न भरता, हातपंपाने ०.५ बार दाब द्या आणि अर्धा तास दाबमापकाच्या काट्याकडे बघा. काटा हलला तर साबणाच्या पाण्याने शोधत बसू नका, एकेक फिटिंग सोडून पुन्हा बसवा. मग पाणी: फक्त पंपाला वीज, बाकी सगळं सुटं, प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिश्यू, आणि चोवीस तास. पाणी भरताना कॅबिनेट हळूहळू तिरपं करत राहा, रेडिएटरमधली हवा तशीच बाहेर येते.

कुठलं पाणी? गंगापूर धरणाचं नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच, आणि पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याचा दर्जा बाटलीगणिक बदलतो. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून डिस्टिल्डचा पाच लिटरचा कॅन घ्या. घरी आरओची सर्व्हिस करायला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस मीटर असतो, त्याला त्यात बुडवायला सांगा: शून्य ते दोन दाखवलं तर ठीक. त्यात तयार मिळणारं गंजरोधक आणि शेवाळरोधक द्रव्य बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. दुधाळ रंगीत कूलंट टाळा, त्यातले कण ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांत बसतात. द्राक्षवाल्या एका मित्राने मला विचारलं होतं, शेवाळ मारायला चिमूटभर मोरचूद टाकू का? बोर्डो मिश्रणात तो वर्षानुवर्षं वापरत आलाय, त्यामुळे शंका रास्त होती. पण लूपमध्ये नाही. ते निकेलचा मुलामा खातं, आणि कुठे ॲल्युमिनियम असेल तर त्याला भोकं पाडतं. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एका पाण्यात आणायचेच नाहीत. तांबं आणि पितळ, बस. मुलामा टिकावा म्हणून भांडी बाजारातल्या तांब्यासारखा तुमचा निकेलचा ब्लॉक चिंच-लिंबाने चकाकवू नका. नवा रेडिएटर मात्र आधी गरम पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्डने, काळे कण यायचे थांबेपर्यंत खळखळून धुवा. कारखान्यात सोल्डर करताना लावलेलं फ्लक्स आत राहिलेलं असतं.

नाशिकच्या घरांतल्या दोन गोष्टी. उन्हाळ्यात कूलर लावत असाल तर त्याचा झोत मशीनवर सरळ येऊ देऊ नका, त्याच्यासोबत बारीक तुषार येतात, आणि त्यांत तुमच्या टाकीतला सगळा क्षार असतो. दुसरं, सॉकेटचं अर्थिंग तपासा. फेज ते अर्थ जवळपास २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात मला अर्थची पिन भिंतीत नुसतीच बसवलेली सापडली, मागे तारच नव्हती. तिथे आम्ही आधी इलेक्ट्रिशियन बोलावला, मशीन नंतर.

स्वतःला जमेल का, याचं उत्तर: जमेल, पण एका शनिवार-रविवारात नाही. केबलला तीन-चार संध्याकाळी, लूपला दोन दिवस, चाचणीला एक. थंडीत सुरू करा, म्हणजे काम खोळंबलं तरी चालू मशीन तापणार नाही. लूपच्या सर्वांत खालच्या जागी पाणी सोडायची चावी आत्ताच बसवा, वर्षभराने तिचीच आठवण येते. होळीनंतर रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात, त्या आठवड्यात मी माझ्या मशीनमधलं पाणी सोडतो, उन्हाळा तोंडावर असतो म्हणून. पहिलं ग्लासभर पाणी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीपाशी धरतो. नितळ असेल तर फक्त पाणी बदलतो. हिरवट झाक असेल किंवा तळाशी पांढरी भुकटी बसत असेल, तर ब्लॉक उघडून आतल्या खाचा मऊ टूथब्रशने साफ करतो आणि ओ-रिंगा नव्या घालतो.